हिरवी पुरचुंडी

नुसती नदी बघायला म्हणून सायकलवरून चार दिवस हिंडणाऱ्या माणसाला आमच्या धुळ्यात वेडा म्हणत. कामाला जाणारा जातो, लग्नाला जाणारा जातो. बाकी जो उगाच हिंडतो त्याचं घरात पटत नसणार, असा लोकांचा समज. माझं घरात उत्तम पटत होतं. मला फक्त माणसांचा कंटाळा यायचा, आणि दिवसभर पोरांना नद्यांची नावं पाठ करायला लावणाऱ्या भूगोलाच्या मास्तरनं एखादी नदी डोळ्यांनी पाहावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

रुपचंदचं म्हणणं त्याहून साधं होतं. तो कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजायचा. अंगानं जाडा, स्वभावानं गार. प्रत्येक आंब्याखाली त्याला थांबायचं असे, प्रत्येक गावात चहा आणि जमलं तर भजी. मी घाई केली की म्हणायचा, "नदीले काय घाई शे?" त्याच्या या एका वाक्यापुढे माझं काही चालत नसे. तीन वर्षं आम्ही असे पांझरेच्या काठाने तापीवर आणि तापीच्या काठाने वर, उगवतीकडे जात होतो. मुलूख सपाट. काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी उन्हानं वाळली की दगडासारखी होते. त्या चाकोरीत चाक घालून द्यायचं आणि हँडल सोडून दिलं तरी चालतं.

अडतीस सालची गोष्ट. होळी झाली होती. शाळेला रंगपंचमीची सुट्टी होती, तिला आठवड्याची रजा जोडून घेतली. या खेपेला मात्र फिरण्याला निमित्त होतं. माझी धाकटी बहीण कुंदा तापीकाठच्या केळीवाल्या गावात दिलेली. लागोपाठ दोन मुलं तिच्या मांडीवर गेली होती, आणि आता होळीच्या सहा दिवस आधी मुलगी झाली होती. गिरधरचं, तिच्या नवऱ्याचं, पत्र आलं. पोर धडधाकट आहे, बारशाला मामा हवा. बायकोनं रात्र रात्र जागून रेशमाचं टोपरं शिवलं, ते कागदात गुंडाळून मी कॅरियरवरच्या पिशवीत ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी पोचायचं होतं. वाट नदीच्या काठची, घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कुंदाच्या गावापासून चार कोसांवर, आम्ही वाळूत उतरलो. नदी आटून एका कडेला गेली होती आणि उरलेल्या पात्रात टरबुजांच्या वाड्या होत्या. फळं तयार होऊन फुटायला आली होती. काही फुटलीही होती, त्यांवर माश्या बसल्या होत्या. राखणदाराची खोपी होती, खोपीत पालथं मडकं होतं, राखणदार नव्हता. रुपचंदनं दोन हाका मारल्या.

"असं कोनी टाकी जास का?" तो म्हणाला.

"लग्नाला गेला असेल," मी म्हणालो. मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार ठेवायची खोड आहे. मास्तरकीनं लागलेली.

एक टरबूज फोडून आम्ही खाल्लं. गोड होतं. रुपचंदनं जास्त खाल्लं.

वर चढून गावात शिरलो तर गाव गप्प. भर दुपारी विहिरीवर रहाटाचा आवाज नाही, पोरं नाहीत. एक कुत्रं सावलीत पडलं होतं, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान टाकली. सायकलवर भुंकलं नाही असं कुत्रं मी खानदेशात दुसरं पाहिलेलं नाही. दारादारांवर कडुनिंबाचे डहाळे बांधलेले.

"बघ, पाडव्याची तयारी," मी म्हणालो.

"पाडवाले दहा दिन शेतस," रुपचंद म्हणाला.

"हौशी गाव आहे."

त्या गावाचं नाव मी सांगत नाही. आज तिथं पुन्हा माणसं नांदतात, पोरींची लग्नं व्हायची आहेत.

हळूहळू दहा-पंधरा माणसं बाहेर आली. म्हातारी, मध्यम वयाची. लहान कोणी नाही. शेवंताबाई नावाची एक म्हातारी होती. तिनं काही न विचारता तांब्याभर पाणी आणून दिलं. आम्ही प्यालो, तिनं आणखी आणलं. तहानलेल्या माणसाकडे बघतात तसं ती बघत होती, तिच्या बघण्यात खोट नव्हती. हे मी शपथेवर सांगतो.

पुना नावाचा उंच गडी पुढे आला. डोळे तांबारलेले, कितीतरी रात्री झोपला नसावा. तो माझ्या सायकलभोवती एकदा फिरला. मी मूळचा बोदवडकडचा, त्यामुळे त्यांची खानदेशी मला समजते, पण त्यातलं आतलं माझ्या पदरात पडत नाही.

"हाई कोन वढस?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. पायांनी चालते."

"बैल नही?"

"बैल नाही."

त्यानं मागच्या माणसांकडे पाहिलं. मग पुन्हा विचारलं, "उलटी चालस का?"

मला हसू आलं. मी पायडल उलटं फिरवून दाखवलं. साखळी खुळखुळली, चाक जागचं हललं नाही. "उलटी नाही चालत," मी म्हणालो. "सायकल पुढंच जाते."

"मांगे नही येत," पुना लोकांना म्हणाला. एका बाईनं पदर तोंडाला लावला.

मग त्यांनी माझ्या सायकलची पूजा केली. खोटं कशाला सांगू, मी फुगलो. पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं, हँडलला निंबाचा डहाळा बांधला. शेवंताबाईनं घरातून हिरव्या फडक्याची एक पुरचुंडी आणली आणि पुनानं ती माझ्या कॅरियरवर, टोपऱ्याच्या पिशवीशेजारी, सुतळीनं आवळून बांधली. आत काहीतरी किणकिणलं. मला वाटलं, वाटेची शिदोरी आणि वर एखादा नारळ-बांगड्यांचा मान. पाहुण्याला रिकामं लावून देत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.

"आते निंघा," पुना म्हणाला. "पुढे शीवना दगड लागी. तठे हाई ठेवी द्या. आनि मांगे देखू नका."

मी सायकलवर बसलो तशी ती सगळी माणसं जवळ आली. प्रत्येकानं कॅरियरला हात लावला आणि मला पुढे लोटलं. म्हाताऱ्यांनीसुद्धा. गावाच्या टोकापर्यंत ते मला असे लोटत आले. लेकीची पाठवणी करतात तसं वाटलं मला. एवढा मान मला ना शाळेत मिळाला होता, ना सासुरवाडीत.

शिवेचा दगड शेंदूर फासलेला होता. रुपचंद उतरला.

"ठेवी दे ना इथं," तो म्हणाला.

"कोणी दिलेला मान वाटेत टाकायचा? तुझ्या दुकानात टाकतात का?"

"त्यांनी सांगं म्हनीसन."

"त्यांनी म्हटलं असेल देवाला दाखवून न्या. तू चल."

"माले बरं नही वाटत," तो म्हणाला.

"टरबूज जास्त झालं."

आमच्यात वाद झाला की तो सोडून द्यायचा, ही त्याची रीत. मी कधीच सोडायचो नाही. दगड मागे राहिला, पुरचुंडी कॅरियरवर राहिली. पुढं एका डोहात पोहलो, नदीकाठच्या पडक्या देवळात निजलो. पुरचुंडी सोडून पाहावी असं मनात आलं होतं, पण बहिणीच्या हातानं सोडू म्हटलं. तेवढीच गंमत.

सकाळी रुपचंदनं चहाला नको म्हटलं. मी त्याला वीस वर्षं ओळखत होतो. ताप असताना, बाप गेला तेव्हासुद्धा, त्यानं चहा सोडला नव्हता. मला तिथंच कळायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, बारशाचं जेवण आहे, पोट रिकामं ठेवलंस ते बरं." दोन कोस तो माझ्या मागून आला. तीनदा उतरून झाडामागे गेला. तिसऱ्या खेपेला त्याला पायडलवर पाय ठेवायला धरावं लागलं.

केळीच्या बागा दिसायला लागल्या आणि पलीकडे कुंदाच्या गावची घरं. वाटेवर आडवी राखेची रेघ ओढलेली होती. रेघेपलीकडे आठ-दहा माणसं काठ्या घेऊन उभी होती आणि त्यांच्या पुढे गिरधर. माझा मेव्हणा, लग्नात ज्याच्या पायांवर मी पाणी घातलं होतं तो.

"मास्तर, तिथीच थांबा," तो म्हणाला. "पाय पुढी टाकू नका."

मी हसत उतरलो. वाटलं, बारशाची काही थट्टा असेल.

"हे कोनं बांधलं?" त्यानं काठी कॅरियरकडे केली.

मी सांगितलं. गावाचं नाव सांगितलं तसं त्याच्या मागची माणसं दोन पावलं मागे सरली.

"त्या गावात पटकी हाये," गिरधर म्हणाला. "सतरा मानसं गेली. काल सांजच्याले बोर्डाचा डॉक्टर तिथी गेला. त्याची दमनी हाकनाऱ्या गाडीवानानं इथी सांगलं म्हनून आम्ही उभे हाओत. मास्तर, तुमाले मी ओळखतो. पन ह्या फडक्यालेबी ओळखतो. तुम्ही गाडा घेऊन आले."

गाडा मला माहीत होता, कसा नसेल. गावात मरी आली की लाकडाचा लहानसा गाडा करतात. त्यात मरीमायला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, लिंबू, दहीभात घालून बसवतात आणि सगळं गाव मिळून तो शिवेपार लोटून देतं. लोटणारानं मागे बघायचं नाही. मरी गाड्यात बसून पुढच्या गावाला जाते. पुढचं गाव त्याच्या पुढच्या गावाकडे लोटतं. लहानपणी बोदवडला पाहिला होता. पण तो गाडा लाकडाचा होता. चाकावर चालतं, पुढे जातं आणि उलटं येत नाही, एवढ्यावरून कोणी मला गाडा करील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या गावात सुतारच उरला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

माझा संताप झाला. फसलो म्हणून झाला आणि फुगलो होतो म्हणून जास्त झाला. मी रेघेसमोर उभा राहून व्याख्यान दिलं. मरी गाड्यात बसत नाही, फडक्यात बसत नाही, पटकी हा रोग आहे, तो घाणेरड्या पाण्यातून होतो, हे मी सातवीच्या पोरांना शिकवतो. माणसं ऐकत होती. गिरधर मान खाली घालून ऐकत होता. मी म्हणालो, "ही पुरचुंडी मी इथं तुमच्यादेखत फेकतो आणि आत येतो. भाचीला मांडीवर घेतल्याशिवाय मी जाणार नाही."

मागे सायकल आदळल्याचा आवाज झाला. रुपचंद चाकोरीत गुडघ्यांवर बसला होता. तो ओकला. भाताच्या पेजेसारखं पाणी पडलं, पुन्हा पडलं. त्याचे डोळे एवढ्यातच आत गेले होते आणि तळहाताची कातडी धुणं धुतलेल्या बाईच्या हातासारखी सुरकुतली होती.

घाणेरड्या पाण्यातून, मी म्हणालो होतो. आता माझंच वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. शेवंताबाईचा तांब्या आठवला, दुसऱ्यांदा भरून आणलेला. वाळूतलं टरबूज आठवलं. ते पाणी माझ्याही पोटात होतं.

"भाऊ!"

केळीच्या बागेच्या कडेला कुंदा उभी होती. बाळंतिणीचा कानाला बांधलेला फडका, छातीशी धरलेलं गाठोडं. तिला कोणीतरी सांगितलं असणार. "भाऊ, थांब, मी येते. रुपचंदभाऊंले खोपीत नेऊ. मी पेज करते."

गिरधरनं आडवा हात केला. तो हात किती वेळ टिकणार होता ते मला माहीत होतं. लहानपणी मी विहिरीत पडलो तेव्हा पोहता येत नसताना ही पोरगी माझ्यामागे उतरली होती. मी त्या शिवेवर बसून राहिलो असतो, तर ती संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ आली असती. आणि तिच्याबरोबर ते गाठोडं.

"गिरधर," मी म्हणालो, "तुझी गाडी दे. डॉक्टर त्या गावात आहे ना? मी मागे जातो."

त्यानं काठी खाली टाकली. स्वतः बैल जोडून गाडी रेघेपर्यंत आणली, कासरा सोडला आणि बाजूला झाला. ती गाडी त्याला परत मिळणार नव्हती, गावानं घेऊ दिली नसती. त्याला ते माहीत होतं. मी रुपचंदला उचलून आत निजवलं, दोन्ही सायकली मागे चढवल्या आणि गाडी वळवली. आता तो खरोखरचा गाडा झाला होता.

"भाऊ, पोरीचं तोंड तरी पाह्य," मागून कुंदा म्हणाली. "एक डाव मांगी पाह्य."

मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती धावली असती. मला माझी बहीण माहीत आहे. पुष्कळ वेळ तिच्या हाका ऐकू येत होत्या, मग केळीच्या पानांचा आवाज राहिला.

देवळाशी आलो तेव्हा रुपचंदनं डोळे उघडले. त्याचा आवाज बसला होता, कान तोंडाशी न्यावा लागला.

"बरं व्हयनं," तो म्हणाला. "तू ते शिववर ठेवं नही."

मला आधी कळलं नाही. वाटलं, वातात बोलतोय. अर्धा कोस गेल्यावर ध्यानात आलं. पुनानं सांगितलं तसं मी ते दगडाशी ठेवलं असतं, तर कॅरियर मोकळा असता. बारशाचा मामा म्हणून राखेच्या रेघेवर कोणी आम्हाला अडवलं नसतं. मी हसत आत गेलो असतो, पाळण्यातून पोर उचलली असती, तिच्या तोंडात मधाचं बोट दिलं असतं.

डॉक्टर गावात होते. विहिरीत लाल औषध टाकून ते घराघरांतून फिरत होते, तरणेच होते. त्यांनी रुपचंदला पाहिलं, जे होतं ते दिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आमची गाडी पाहून गावातली दारं बंद झाली होती. लोटून दिलेला गाडा परत आला होता. एकच दार उघडं राहिलं. शेवंताबाईनं रुपचंदला स्वतःच्या ओट्यावर घेतलं.

"गाडा परत येत नही, भाऊ," ती म्हणाली. "कसा उना तू?"

मी तिला खूप काही बोलणार होतो. चार कोस वाटेवर मी ते जुळवत आलो होतो. तिनं हात पुढे केला.

"आन, माले दे ते. मनंच शे, मना घरनं."

मी कॅरियरवरची पुरचुंडी सोडून तिच्या हातात दिली. तिनं ती उकलली. आत लिंबू होतं, आंबलेला दहीभात होता आणि तीन आकारांच्या हिरव्या बांगड्या. एक मोठ्या बाईची, दोन पोरींच्या. ती त्या एकेक करून मांडीवर ठेवत गेली. तिच्यामागे उघड्या दारातून दिसणाऱ्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

दिवस मावळताना रुपचंद गेला. शेवंताबाईनं त्याच्या तोंडात पाणी घातलं. या खेपेला उकळलेलं, डॉक्टरांनी दिलेलं. मला काहीच झालं नाही. का झालं नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. कुंदाच्या गावात त्या वर्षी पटकीनं एकही माणूस गेलं नाही.

याला आठ वर्षं झाली. मी अजून भूगोल शिकवतो, आणि पटकी पाण्यातून होते हेच शिकवतो. रुपचंदची सायकल त्याच्या बायकोनं मागितली नाही, मी नेऊन दिली तेव्हा दारातून आत घेतली नाही. ती माझ्याकडे आहे. टोपरंही आहे, कागदासकट, ट्रंकेच्या तळाशी. डॉक्टर म्हणाले होते, उकळून घाला, काही होत नाही. मला ते जमलं नाही.

भाची आता आठ वर्षांची आहे. भाऊबीजेला गेलो की विचारते, मामा, माझं टोपरं कुठं आहे? मी म्हणतो, आणीन पुढच्या खेपेला. निघताना कुंदा शिवेपर्यंत पोचवायला येते. तिथून सायकलवर बसलो की मी मागे बघत नाही. बघ म्हणून ती आता म्हणतही नाही.